नत्थूजीनं करंट वाढवला

लकडगंजात भैयाजीचा लाकडाचा टाल होता, टालात एक लारी होती आणि लारीवर नत्थूजी डायवर होता. लारी भैयाजीची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, एक नत्थूजी सोडून. तो म्हणे, भैयाजी तिले पेट्रोल पाजते, बस. बाकी ते माया हाताची हाय. हे तो भैयाजीच्या पाठीमागं म्हणे, पण इतक्या मोठ्यानं म्हणे की भैयाजीच्या कानावर गेल्याशिवाय राहत नसे. भैयाजी सुपारी चघळत हसायचा. त्यानं कोणावर हात उचललेला कोणी पाहिला नव्हता. त्याचं सगळं हसण्यावारी चाले, आणि टालातले हमाल मारापेक्षा त्या हसण्याला जास्त भीत.

नत्थूजी मूळचा कुहीकडचा. बाप बैलबंडी हाकायचा. लहानपणी बंडीवर बैलांच्या मागं बसून शेपटीचे इतके फटके तोंडावर बसले, की नत्थूजीनं साऱ्या बैलजातीवर दात धरला तो जन्मभर सोडला नाही. मिसरूड फुटताच घरून पळाला आणि कामठीला एका साहेबाच्या मोटारीवर धुण्यापुसण्याला राहिला. तिथला डायवर म्हातारा आणि खाष्ट. त्याचं शिकवणं म्हणजे पाना फेकून मारणं. चुकीचा पाना हाती दिला तर तोच पाठीत, बरोबर दिला तर उशिरा दिला म्हणून दुसरा. असं पाठीवर शिकत शिकत नत्थूजी डायवर झाला, आणि दुसऱ्याला शिकवायचं तेही असंच, हे त्यासोबत फुकटात शिकला.

भैयाजीच्या लारीवर बसल्यावर त्याचे दिवस आले. खाकी कोट, तेल लावून पिळलेल्या मिशा, आणि उजव्या हाताशी रबरी फुग्याचा भोंगा. उमरेडच्या रस्त्यानं सागाची लाकडं आणायला निघाला की बंडीवाले दुरूनच धुळीचा लोट पाहून बैल खाली उतरवत. कोणी उतरवले नाहीत तर नत्थूजी लारी हळूच बंडीच्या मागं आणायचा, अगदी चाकाला चाक लागेल इतकी, आणि मग भोंगा दाबायचा. एकदा एका नवरदेवाची बंडी अशीच सापडली. बैल उधळले, बंडी बांधावरून कलंडली आणि नवरदेव मुंडावळ्यांसकट धानाच्या चिखलभरल्या बांधीत बसला. वऱ्हाडी शिव्या देत धावले तेव्हा नत्थूजी पुढच्या वळणावर लारी उभी करून पोट धरून हसत होता. नवरी मांडवात चिखलाच्या नवऱ्याला हार घालते आहे, हा देखावा त्यानं प्रत्यक्ष पाहिला नव्हता, पण सांगताना तो नवरीचं नाक मुरडणंही करून दाखवायचा.

या लारीवर धुण्यापुसण्याला, पाणी भरायला कवडू किलिंदर होता. चांगला बायकापोरांचा धनी, अंगानं दणकट, बोलायला गरीब. नत्थूजी त्याला नाल्यावरून इंजिनात टाकायचं पाणी आणायला धाडायचा. कवडू डबा घेऊन आला, पावठ्यावर पाय ठेवणार, की लारी दहा हात पुढं. कवडू धावे. लारी थांबे. पाय उचलला की पुन्हा पुढं. लाकडांवर बसलेले हमाल हसून हसून खाली पडायच्या बेताला यायचे. डबा रिकामा झाला की नत्थूजी डोकं बाहेर काढून विचारायचा, पाणी कुठं हाय बे? आणि कवडू पुन्हा नाल्यावर. एकदा तर त्यानं असं धावडवत धावडवत कवडूला पार कन्हानच्या पुलापर्यंत नेलं होतं. कवडू कधी उलटून बोलला नाही. त्याला बोलताच येत नाही अशी नत्थूजीची समजूत होती.

मग लढाई लागली. पेट्रोल कुपनावर गेलं. कोळशाच्या ग्यासवर लाऱ्या चालू लागल्या होत्या, पण लाकडाच्या टालात जळता कोळसा फिरवायला भैयाजी काही खुळा नव्हता. त्यातून सरकार चालत्या लाऱ्या फौजेसाठी उचलू लागलं. भैयाजीनं एका दिवसात चाकं काढली, लारी सालईच्या ओंडक्यांवर चढवली, वर ताडपत्री टाकली आणि नत्थूजीला बोलावलं.

"डायवरसाहेब," भैयाजी म्हणाला, "लारी झोपली, आता तुमी काय करान? घरी बसून जयवंताबाईच्या हातची भाकर कशी गोड लागन? खड्ड्यात उतरा. लारी उठली का तुमी उठजा."

खड्डा म्हणजे आऱ्याचा. जाड लाकूड आडवं टाकून उभं चिरायचं असलं तर खाली पुरुषभर खड्डा खणलेला असे. एक आरेवाला वर लाकडावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात, मध्ये लांब आरा. वरचा रेघ पाहतो, खालचा ओढतो, आणि लाकडाचा सगळा भुसा खालच्याच्या डोक्यावर पडतो. डोळ्यांत, नाकात, कानात, घामावर चिकटून पाठीत. खालच्याला वर पाहायची सोय नाही. आणि वर कोण, तर कवडू. लारी झोपल्यावर भैयाजीनं त्याला आधी आऱ्यावर घेतलं होतं. त्याची नजर सरळ निघाली, म्हणून तो वरचा झाला.

पहिल्या दिवशी कवडूनं वरून पहिलं वाक्य टाकलं. त्याला बोलता येत होतं, आणि चांगलं येत होतं.

"डायवरसाहेब, हारन वाजवा. बैल समोर आले."

त्या दिवसापासून त्याचं तोंड जे सुटलं ते थांबलं नाही. चढ आला, गेर टाका. नाला आला, पाणी घ्या. नत्थूजी वर मान करून शिवी द्यायला जाई, तेवढ्यात तोंडात भुसा. मग त्यानं शिव्या सोडल्या. फक्त ओढायचा.

भैयाजीच्या टालात आणखी एक कायदा होता. दुकानात अशुभ शब्द चालत नसे. बंद, कमी, तुटलं, विझलं, मागं घे, यातलं काही तोंडातून निघता कामा नये. दुकान बंद करत नसत, वाढवत. दिवा विझवत नसत, वाढवत. कोण्या बाईची बांगडी फुटली तरी वाढली. शेगडीतला विस्तव कमी करायचा तरी वाढव, काही मागं घ्यायचं तरी वाढव. सारे व्यापारी थोडंफार पाळत, पण भैयाजीनं त्याचा खेळ केला होता. कोणी चुकला की त्याच्या तोंडात मूठभर भुसा कोंबायचा आणि दुकान वाढेपर्यंत त्यानं फाटकाशी उभं राहायचं. थुंकायचं नाही. येणारं गिऱ्हाईक विचारे, याले काय झालं? भैयाजी म्हणे, याचं तोंड घाण झालं होतं, लाकडानं धुऊन राहिलो.

नत्थूजी पहिल्याच महिन्यात सापडला. डायवर माणूस, जीभ सैल. एका गिऱ्हाईकाला म्हणून गेला की दुकान आता बंद होते. भैयाजीनं भुसा स्वतः निवडला, बिज्याच्या लाकडाचा, कडू. नत्थूजी संध्याकाळपर्यंत गाल फुगवून फाटकाशी उभा होता, आणि जयवंता नवऱ्याला बोलवायला आली तेव्हा तिला उत्तर देता येईना. त्यानंतर तो शब्द असा तोलून बोलू लागला की हमाल त्याला भटजी म्हणत. घरीसुद्धा जयवंताला म्हणे, चूल वाढव वं. ती बिचारी लाकूड आणखी सारायची आणि भाजी करपायची.

पण याहून मोठी गंमत भैयाजीनं पाहुण्यांसाठी राखली होती. कामठीचे, भंडाऱ्याचे व्यापारी सौदा करून चहा पीत बसले की भैयाजी नत्थूजीला खड्ड्यातून वर बोलवायचा. नखशिखांत भुशानं पिवळा झालेला नत्थूजी बिनचाकांच्या लारीत चढून बसे. भैयाजी म्हणे, डायवरसाहेब, पाहुन्यायले उमरेडले घेऊन चला. भोंग्याचं रबर केव्हाच गळून पडलं होतं. नत्थूजी तोंडानं पों पों करायचा, चाक फिरवायचा, वळण आलं की अंग झुकवायचा. पाहुण्यांच्या बशीतला चहा हिंदकळे.

खरी क्रूर गोष्ट वेगळीच होती. नत्थूजीला ते आवडायचं. चाकावर हात ठेवला की त्याला भुसा, खड्डा, हसणं, काही दिसेना. उमरेडचा रस्ता दिसे. पाहुणे निघून गेले तरी तो जरा वेळ बसून राही, आणि मग कवडूची हाक येई.

सहा वर्षांत त्याची छाती घरघरायला लागली, डोळे कायम लाल. सुट्टीच्या दिवशी तो येऊन ताडपत्री झटके, उंदीर हाकले, कोंबड्यांनी सीटवर घातलेली अंडी मात्र घरी नेई. जयवंताला सांगे, लढाई सरू दे, एकदा लारी उठू दे, मंग मी त्या खड्ड्यात थुंकायलेही जाणार नाही. ती म्हणे, लारी उठायच्या आधी तुमी नका निजू म्हंजे झालं.

लढाई संपली. पेट्रोल सैल झालं. भैयाजीनं चाकं कुठूनशी काढली, टायर कुठूनसे आणले, जोशाकडून मार्गशीर्षातल्या गुरुवारचा मुहूर्त काढला. नत्थूजीनं पेटीतला खाकी कोट उन्हात टाकला. कसरीनं खाल्लेल्या भोकांवर जयवंता ठिगळं लावत बसली. आणि त्याच आठवड्यात भैयाजी एक तरणा गडी टालात घेऊन आला. दादाजी त्याचं नाव, कन्हानचा, फौजेतून सुटून आलेला. ब्रह्मदेशाच्या जंगलात फौजेच्या लाऱ्या हाकल्या होत्या. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदुस्थानी, आणि सगळ्यांना काका म्हणायची सवय.

भैयाजीनं दोघांना समोरासमोर उभं केलं. म्हणाला, सीट एक, डायवर दोन. गुरुवारी लारी सुरू होईल. जो सुरू करेल त्याची सीट, दुसऱ्यासाठी खड्डा आहेच. भांडू नका, दोघंही माझेच.

नत्थूजी वरवर हसला. लारी त्याच्या हातची होती.

दोघांनी मिळून इंजिन उघडलं. आत गंज चढून सगळं एकमेकांना चिकटलं होतं, समोरून फिरवून इंजिन सुरू करायचं हँडल केसभर हलेना. नत्थूजीनं प्लग काढून भोकांतून रॉकेल आणि एरंडेल ओतलं आणि मुरत ठेवलं. पेट्रोलच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, धुराच्या नळीतून उंदराचं सगळं बिऱ्हाड निघालं. दादाजी मन लावून काम करायचा, तार घासायचा, टाकी धुवायचा आणि विचारायचा. काका, हे काहून? काका, ते काहून? नत्थूजी काही सांगे, काही गिळे. शेवटी हँडल फिरलं, आधी कण्हत, मग मोकळं.

मग दादाजीनं सीटसमोरच्या चाकाखालच्या पितळी दांडीवर बोट ठेवलं. फौजेच्या नव्या लाऱ्यांना अशी दांडी नसे, त्यांचं इंजिन आपलं आपण सांभाळून घेई.

"काका, ह्या दांडीचं काय काम?"

ती करंटची दांडी. मागं सारली की इंजिनात ठिणगी उशिरा पडते, पुढं ओढली की लवकर. धावत्या लारीला ती पुढं लागते, पण हँडल मारताना मागंच असावी लागते. नाहीतर इंजिन उलटा हिसका देतं आणि हँडल मारणाऱ्याचा हात चिंधीसारखा फेकून देतं. हे नत्थूजीला कामठीच्या म्हाताऱ्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पाना न मारता सांगितलेली तेवढी एकच गोष्ट. आणि ही दांडी आता झिजली होती, हिसक्यासरशी घसरून आपोआप पुढं येत होती, हेही त्यानं पाहिलं होतं.

"ते काही कामाचं नाही," नत्थूजी म्हणाला. "शोभेची हाय. हात नको लावजो."

त्या दिवशी तो फार खुशीत घरी गेला. हँडल मारायचं तरण्याकडंच येणार हे उघड होतं. दादाजी खाली, आपण वर सीटवर. दांडी जरा पुढं राहू दिली की झालं. त्यानं जयवंताला सांगितलं की गुरुवारनंतर फौजी गडी डाव्या हातानं जेवेल. ती कोटाला ठिगळ लावत होती, तिनं मान वर केली नाही. एवढंच म्हणाली की त्यालेही माय असन.

गुरुवारी सकाळी थंडी चांगली होती. लारीला झेंडूचे हार, चाकांखाली लिंबं, बोनटवर हळदकुंकू. हमाल लाकडांच्या थप्प्यांवर चढून बसले होते. कवडू सगळ्यांत पुढं. भैयाजी धुवट धोतर नेसून हातात नारळ घेऊन उभा. नत्थूजी ठिगळांचा कोट घालून ऐटीत सीटकडं निघाला, एक पाय पावठ्यावर ठेवलाही.

"अं हं," भैयाजी म्हणाला. "फौजी वर बसन. डायवरसाहेब, हँडल तुमी मारा. लारी तुमच्या हातची हाय ना गा? पाहू द्या लोकायले, हात किती शिल्लक हाय ते."

थप्प्यांवरून हशा उसळला. नत्थूजीचा पाय पावठ्यावरच राहिला. पण नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणजे खड्डा. दादाजी वर चढायच्या आत त्यानं हात घालून दांडी पार मागं सारली आणि समोर जाऊन वाकला.

पहिल्या हिसक्याला काही नाही. दुसऱ्याला इंजिन शिंकलं. भैयाजी म्हणाला मुहूर्त चालला, आणि कवडू म्हणाला, पाणी आणू काय डायवरसाहेब? तिसऱ्या हिसक्याला इंजिन खोकलं आणि हँडलनं हातात एक वाकडी थरथर दिली. नत्थूजीच्या मनगटानं ती लगेच ओळखली. दांडी घसरली. ठिणगी पुढं आली. आता दांडी पुन्हा मागं घेतल्याशिवाय हँडलला हात लावणं म्हणजे आपल्या हातानं आपलं हाड मोडणं.

उठून जाऊन स्वतः सारावी, तर भैयाजी नारळ हलवत होता आणि लोक पाहत होते, की म्हातारा दमला. दादाजीला ओरडून सांगावं, तर काय सांगावं? मांगं घे, हे दोन शब्द त्याच्या ओठावर आले. जन्मभर तेच म्हणत आला होता. पण मुहूर्ताची लारी, हार घातलेली, समोर नारळ घेतलेला मालक, आणि मांगं घे! तोंडातल्या कडू भुशाची चव त्याला आधी आठवली, शब्द मागून. त्यानं ते दोन शब्द गिळले आणि टालातला सोज्वळ शब्द शोधला.

"दादाजी," तो ओरडला, "ते पितळी दांडी! करंट वाढव!"

टालातल्या कोणत्याही माणसानं ती दांडी निमूट मागं घेतली असती. दादाजी टालातला नव्हता. फौजेत बढाव म्हणजे पुढं. त्यानं दांडी धरली आणि आज्ञा मानणाऱ्या माणसानं ओढावी तशी शेवटपर्यंत पुढं ओढली.

नत्थूजीनं सगळा जीव एकवटून हँडल उचललं.

इंजिन फाडकन ओरडलं आणि हँडल उलटं फिरलं. सागाची वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो इंजिनातून आला असं सगळ्यांना वाटलं. नत्थूजी उडून मागं गेला आणि दोन्ही पाय पसरून नेमका फुलांच्या परडीत बसला. त्याचा चेहरा असा होता की थप्प्यांवरचे हमाल एकमेकांच्या अंगावर पडले. भैयाजी तर नारळ काखेत धरून डोळे पुसू लागला. मग नत्थूजीनं उजवा हात उचलला आणि मनगटाच्या वर तो भलत्याच ठिकाणी वाकला. हसणं थांबायला तरीही जरा वेळ लागला.

दादाजी उडी मारून खाली आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी वाढव म्हटलं होतं," नत्थूजी म्हणाला.

"वाढवलाच ना काका. पुरा वाढवला."

"बापा," कवडू थप्पीवरून म्हणाला, "टालात वाढव म्हंजे कमी कर. डायवरसाहेब भटजीची भाषा बोलून राहिले."

पुन्हा हशा. नत्थूजी किंचाळला की यानं मुद्दाम केलं, दांडी कशाची ते याला ठाऊक होतं. दादाजी म्हणाला, काका, तुमीच तर सांगितलं, शोभेची हाय.

हे सगळ्यांनी ऐकलं.

जयवंता फाटकाशी उभी होती, ती धावत आली. हात पाहिला आणि भैयाजीच्या पायाशी वाकली, की दवाखान्यात पोचवून द्या. भैयाजी अगदी प्रेमानं म्हणाला, लारी सुरू झाल्याशिवाय कशात पोचवू बाई? ती उठली आणि इतवारीतल्या हाडवैद्याला आणायला पायीच निघाली.

मुहूर्त थोडा उरला होता. आता हँडल दादाजी मारणार. दांडी कोण धरणार? ती कशी धरायची हे एकालाच ठाऊक. दोन हमालांनी नत्थूजीला उचलून सीटवर बसवलं. मोडका हात मांडीवर, डावा पितळी दांडीवर.

असा तो सहा वर्षांनी जिवंत लारीच्या सीटवर बसला. समोर बोनटवरून दादाजीचं डोकं दिसत होतं, खाली वाकलेलं, तरणे खांदे. नत्थूजीच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती गोष्ट नुसती बोटभर दांडी पुढं सरकवण्याची होती. एक हात माझा, एक हात तुझा. मग सीट कोणाचीच नाही. उद्याचं उद्या. त्यानं दांडी पुढं घेतली. दादाजी काही न पाहता म्हणाला, काका, बराबर धरली ना? तुमच्या भरवशावर मारून राहिलो. नत्थूजी म्हणाला, मार.

दादाजीनं हँडल उचलायला सुरुवात केली आणि इंजिनाच्या पोटात पेट्रोलचा एक घोट गेल्याचा बारीक आवाज आला. सुळ्ळ असा. तो आवाज नत्थूजीनं सहा वर्षांत ऐकला नव्हता. त्यानं काही ठरवलं नाही. डाव्या हातानं आपणहून दांडी मागं सारली, पार मागं, जशी सारावी तशी. इंजिन फुरफुरलं, गुदमरलं, आणि तो हात पुन्हा आपणहून दांडी तिळातिळानं पुढं घेऊ लागला, थकलेल्या माणसाला हाताला धरून उठवावं तसा. इंजिन उठलं. काळा धूर निघाला, उरलेलं उंदराचं घरटं जळक्या वासासकट बाहेर पडलं, आणि लारी गरजू लागली.

लोकांनी दादाजीला खांद्यावर घेतलं. हँडल त्यानं मारलं होतं. भैयाजीनं नारळ वाढवला आणि पहिलं खोबरं फौजीच्या तोंडात घातलं.

नत्थूजी सीटवरच होता. उतर म्हटलं तरी उतरेना. डाव्या हातानं चाक धरून समोर पाहत राहिला. भैयाजी म्हणाला, गेर टाका, न्या उमरेडले, कोणी अडवलं? नत्थूजीनं गेरसाठी डावा हात सोडला, तर चाक धरायला हात नव्हता. चाक धरलं तर गेरला नव्हता. त्यानं दोन्ही करून पाहिलं, आणि लोकांनी ते सगळं पाहू दिलं. शेवटी दादाजी वर चढला, त्याला काखेत हात घालून पोरासारखं उचललं आणि सागाच्या ओंडक्यावर आणून ठेवलं. म्हणाला, माफ करजा काका. हे म्हणायला नको होतं. बाकीचं नत्थूजीनं सोसलं असतं.

लारी फाटकातून निघाली. भैयाजी दादाजीच्या शेजारी, हमाल मागं लटकलेले, गल्लीतली माणसं ओरडत सोबत धावणारी. टाल रिकामा झाला. उरले दोघं.

कवडू थप्पीवरून उतरला. खड्ड्यावर बिज्याचं लाकूड आधीच टाकून ठेवलेलं होतं. तो नत्थूजीसमोर येऊन उकिडवा बसला, मोडका हात दोन्ही हातांनी हलकेच उचलला आणि सुजेकडं पाहिलं. मग आपला दुपट्टा सोडला, लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या हाताला लावल्या, दुपट्ट्यानं गुंडाळून हात छातीशी बांधला. फार बेतानं बांधला. गाठ मारताना विचारलं, जास्त आवळलं काय? नत्थूजीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्याला कोणी असं हात लावला नव्हता.

"भैयाजी सांगून गेले," कवडू म्हणाला, "हे लाकूड आज चिरून पाहिजे. खालचा माणूस नाही मिळाला तर उद्यापासून दुसरा ठेवतो म्हणे. मंग टालात तुमचं काय काम?"

"कवडू, हाडवैद्य येऊ दे गा."

"येईल ना. आला का वर बोलावतो." त्यानं दुपट्ट्याची गाठ पुन्हा एकदा तपासली आणि नत्थूजीचा डावा हात धरून त्याला उठवलं. "याच्यासाठीच तर असा बांधला. डावा मोकळा पाहिजे."

नत्थूजी खड्ड्याच्या कडेला उभा राहिला. ठिगळांचा कोट काढायला एक हात बांधलेला, म्हणून तो तसाच कोटासकट खाली उतरला. वर कवडूनं पाय रोवले, रेघ पाहिली, आरा खाली सोडला.

पहिली ओढ अर्धीच झाली. भुसा पडला, थोडासा, कॉलरीत.

"दुखते काय?" कवडूनं वरून विचारलं.

"नाही," नत्थूजी म्हणाला.

"मंग वढा."